नवं मशीन की जुनं?

नवं घ्यावं की जुनं चालवून घ्यावं, हा वाद आपल्याकडे घरोघरी होतो. कधी शिलाई मशीनवरून, कधी स्कूटरवरून, तर कधी पिठाच्या गिरणीवरून. मराठी माणूस ‘जुनं ते सोनं’ म्हणतो आणि दुकानात गेल्यावर कोऱ्या खोक्याकडेच बोट दाखवतो. आमच्या घराण्यात यंदा हा वाद झाला तो एका करवतीवरून.

मराठीत करवत, कन्नडमध्ये गरगस. पण ही करवत साधी नव्हे. इंग्रजीत हिला स्क्रोल सॉ म्हणतात. आपल्याकडचे सुतार सरळ ‘जाळी कापायचं मशीन’ म्हणतात आणि तेच नाव समजायला सोपं. शिलाई मशीनची सुई जशी खाली-वर होते, तसं यात दाभणापेक्षा बारीक पातं खाली-वर होतं. लाकूड हाताने फिरवत न्यायचं आणि ते वळेल तसं नक्षीकाम कापत जायचं. मधली जाळी कापायची असेल तर आधी छोटं भोक पाडायचं, त्यातून पातं ओवायचं आणि मग आतली नक्षी काढायची.

निपाणीला माझा पुतण्या आहे. कोल्हापुरातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात सहा वर्षं काम केलं, तो कारखाना बंद पडला आणि पोरगा घरी आला. हातात कला आहे. प्लायवूडचे गणपतीचे मखर, दारावरच्या नावाच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या करून विकायच्या असं त्याने ठरवलं. बेत चुकीचा नाही. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभरच बंदी आहे. तेव्हापासून लाकडी आणि पुठ्ठ्याच्या मखरांना मागणी आहे. शिवाय निपाणी-बेळगावकडे पाटीवर एका ओळीत मराठी आणि दुसऱ्या ओळीत कन्नड नाव कापून देणारा माणूस उपाशी राहायचा नाही!

प्रश्न पैशाचा होता. माझ्या थोरल्या वहिनींनी तंबाखूच्या वखारीत काम करून आणि महिला संघात दर आठवड्याला पैसे टाकून पंधरा हजार जमवले होते. भाऊ गेल्यानंतर त्या घराला हीच काय ती गंगाजळी. वहिनींनी फोन केला, “भावजी, तुम्ही शिकवणारे माणूस. याला नवं मशीन घेऊन देऊ की जुनं? पैसे एकदाच आहेत, दुसऱ्यांदा नाहीत.” हे ऐकल्यावर, मी कॉलेजात शिकवतो तो विषय वेगळा आहे, असं सांगून सुटका करून घेणं मला जमलं नाही.

समोर तीन पर्याय होते. पहिला, दुकानातलं नवं सोळा इंची मशीन, साडेतेरा हजारांचं. दुसरा, आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे अमेरिकेतून मुलाने आणलेलं, जवळजवळ न वापरलेलं मशीन. ते पाच हजारांत द्यायला तयार होते. तिसरा, उद्यमबागेत नोकरी करून निवृत्त झालेल्या एका कारागिराकडचं, पंधरा-एक वर्षं वापरलेलं बिडाचं जड मशीन, सहा हजारांना.

सोळा इंच म्हणजे काय, तर पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. तेवढी फळी आत जाते. फळी उलटी फिरवली, की साधारण बत्तीस इंच रुंदीच्या फळीच्या मधोमध पोचता येतं. घरगुती मखराच्या महिरपीला एवढं पुरतं. तेव्हा मापाचा प्रश्न नव्हता.

अमेरिकेचं मशीन दिसायला देखणं, पण ते पहिल्यांदा बाद झालं. तिकडे वीज ११० ते १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी करता येतात. पण तिकडची वीज सेकंदाला ६० हेलकाव्यांची आणि आपली ५० ची. हा फरक ट्रान्सफॉर्मर भरून काढत नाही. साधी इंडक्शन मोटर असेल तर ती सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि जास्त तापते. परदेशातून आलेली यंत्रं विकत घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मोटरवरची पाटी आधी वाचावी, रंग नंतर बघावा.

उरलेल्या दोन मशीनसाठी आमच्या गल्लीतल्या सुतारमामांना बरोबर घेतलं. मामा घरात कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी आणि लाकडाशी बहुतेक दोन्ही. त्यांनी जुन्या मशीनची परीक्षा घेतली, ती वाचकांच्याही उपयोगाची आहे.

पहिलं, मशीन बंद ठेवून वरचा दांडा हाताने धरून डावी-उजवीकडे हलवून पाहिला. तिथे खेळ असेल तर पातं सरळ चालत नाही आणि नक्षी वाकडी येते. दुसरं, मशीन सुरू करून टेबलावर एक नाणं उभं ठेवलं. हळू वेगात नाणं उभं राहिलं तर थरथर कमी. तिसरं, टेबलावर पट्टी आडवी ठेवून ते सपाट आहे का ते उजेडाकडे धरून पाहिलं. चौथं, दहा मिनिटं सतत चालवून मोटरला हात लावला. पाचवं आणि सर्वांत महत्त्वाचं, पातं कसं अडकवतात ते पाहिलं. काही मशीनला टोकाशी आडवी खीळ असलेलंच पातं लागतं. ती खीळ ओवायला भोक मोठं पाडावं लागतं, म्हणजे बारीक नक्षी गेली. साधं, बिनखिळीचं पाच इंची पातं पकडणारा चिमटा असेल तर बारीक भोकातूनही काम होतं.

इथेच नव्या मशीनची गोम निघाली. साडेतेरा हजारांचं ते मशीन फक्त खिळीचं पातं घेणारं होतं. मामा म्हणाले, “होसदु आहे, चांगलंही आहे. पण याच्यावर कन्नड अक्षराच्या आतली वाटोळी कशी काढणार?” चणे आहेत तर दात नाहीत, त्यातला प्रकार.

जुन्या मशीनने चार परीक्षा पार केल्या. एकीत अडलं. दांड्याच्या सांध्यातला बुश झिजला होता. दुसऱ्या एखाद्या गावात मी तिथेच हात जोडून परत आलो असतो. पण हे बेळगाव आहे. इथे फाउंड्री आणि लेथची परंपरा आहे. झिजलेला बुश नेऊन दाखवला तर तसाच दुसरा काढून देणारा कारागीर इथे सापडतो. त्याने पाचशे रुपये सांगितले.

म्हणून नवं की जुनं, याचं उत्तर मशीनमध्ये अर्धंच असतं. उरलेलं अर्धं आपल्या गावात असतं. जवळ दुरुस्ती करणारा असेल तर जुन्याला भिऊ नये. नसेल तर नवं, वॉरंटीचं घ्यावं, कारण ऐन सणात मशीन बंद पडलं तर वाचवलेले पैसे एका आठवड्यात जातात.

दुसराही हिशेब होता. पंधरा हजारांतले साडेतेरा मशीनला दिले तर प्लायवूडला काय उरणार? पाती तर तुटतच असतात. ती डझनाने लागतात. धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लागतो, विशेषतः एमडीएफ कापताना. वहिनींनीच शेवटी निकाल दिला, “मशीन आणून नुसती खंडेनवमीला पूजा करायची नाही. त्याच्यासमोर लाकूडपण पाहिजे.” साडेसहा हजारांत जुनं मशीन ठाकठीक होऊन निपाणीला गेलं. साडेआठ हजार मालासाठी राहिले.

ज्यांना नवंच घ्यायचं आहे त्यांच्यासाठी एक माहिती. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार आणि खेळणी करणारेही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, असं तिचं स्वरूप. अवजारांची मदत ई-व्हाउचरने असते, रोख नव्हे. त्यामुळे ओळखीच्याकडचं जुनं मशीन त्यातून येत नाही. पुतण्याला मी अर्ज करायला लावला आहे. पुढेमागे दुसरं मशीन लागेलच.

त्याच्या डोक्यात आता नवी कल्पना आहे, मुलांसाठी नकाशाचे तुकडे. तिला जुना इतिहास आहे. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशाकाराने लाकडावर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तुकडे जुळवत भूगोल शिकावा, हा हेतू. आजच्या जिगसॉ कोड्याची सुरुवात तिथली मानतात. सीमाभागात राहणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. इथे सीमेवरून कापण्याची चर्चा आपण जन्मापासून ऐकतो. जुळवण्याचं खेळणं मात्र आपल्याच एका पोराला सुचलं! त्याला एवढंच सांगितलं, की १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा आधी नोंदणी, मग नकाशा.

पहिल्या महिन्यात सात पाट्या गेल्या. नफा फार नाही. पण त्यातले तीनशे रुपये वहिनींनी संघात परत भरले आणि फोनवर तेवढंच सांगितलं.

तुमच्या घरी असा वाद निघाला, तर खोक्यावरचं चित्र बघून निर्णय घेऊ नका. काम कोणतं, पातं कुठलं, दुरुस्ती कोण करणार आणि मशीन घेतल्यावर हातात किती उरणार, हे चार प्रश्न कागदावर लिहा. मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये. उत्तर तेच येईल.