गाळ उपसण्यापूर्वी

चाकण-कुरुळीच्या कारखान्यांतील निर्यातीचा माल घाट उतरून न्हावाशेव्यास जातो. तो नेणारी जहाजे आकाराने वाढत गेली, तसतसा बंदराचा मार्गही खोल करावा लागला. २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराच्या योजनेतही भराव आणि गाळउपसा आहेच. बंदरे हवीत, याविषयी दुमत नाही. परंतु त्या गाळात आणखी काय दडले आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची?

मुंबईच्या गोदीत १९४४ च्या स्फोटात उडालेल्या सोन्याच्या विटा पुढे गाळ काढताना सापडल्या, तेव्हा त्याची बातमी झाली. जुन्या गलबताची फळी वर आली तर तिची बातमी होण्याचे कारण नाही. ती गाळाबरोबर खोल समुद्रात टाकली जाते.

गोव्याच्या किनाऱ्यालगत सुंची खडकावर दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. त्यांत तोफा होत्या, हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दातही होते. खडकाळ तळावर लाकूड मात्र टिकत नाही. सागरी किडे ते पोखरून टाकतात. चिखलात रुतलेले लाकूड प्राणवायूच्या अभावी शतकानुशतके राहू शकते. म्हणजे जेथे जहाज टिकण्याचा संभव अधिक, नेमके तेथेच ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणूनच यंत्रांचे साहाय्य घ्यावे लागते. बाजूंना ध्वनिलहरी फेकणारा सोनार तळावर उघडे असलेले तेवढे दाखवितो. गाळात शिरणाऱ्या, कमी कंपनसंख्येच्या लहरी आतील थर उलगडतात. लोखंडी तोफा व नांगर यांच्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक चुंबकत्वमापक टिपतो. पितळी वा काशाच्या तोफेपुढे मात्र तोही मुका. शिवाय हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो : अंतर दुप्पट झाले की खूण आठव्या हिश्श्यावर येते. साहजिकच सर्वेक्षणाच्या फेऱ्या विरळ असतील, तर दोन फेऱ्यांच्या मधले जहाज सुटून जाते. बंदरासाठीच्या सर्वेक्षणाचा हेतू खोली आणि अडथळे यांपुरता असतो. त्यात अडथळा म्हणून नोंदलेला उंचवटा इतिहासाच्या अभ्यासकाला निराळाच दिसेल.

विजयदुर्गाचेच पाहा. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या तोफांच्या माऱ्यात, आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकून घेतलेले ‘रिस्टोरेशन’ जहाज पेटले आणि त्या आगीत तुळाजीचे आरमार भस्मसात झाले. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना साथ का दिली, यावर आजवर शाब्दिक लढाया पुष्कळ झाल्या. (त्यांत दारूगोळा कधी कमी पडला नाही.) त्या मानाने ती जहाजे कोठे बुडाली, याची विचारपूस कमीच. लाकडी जहाज बहुधा पाण्याच्या रेषेपर्यंत जळते. तळाचा सांगाडा आणि नीरम खाली जाते. तोफांपैकी काही मागाहून काढूनही नेल्या असतील. तरीही गुराबेचा तळ कसा बांधीत, लाकूड कोणते वापरीत, हे कागदपत्रांपेक्षा तो सांगाडाच अधिक स्पष्टपणे सांगू शकेल.

अशा खाड्यांत व बंदरांच्या मार्गांत ड्रेजर उतरण्यापूर्वी फेऱ्या दाट घ्याव्यात, चुंबकत्वमापकाची नोंद सक्तीची करावी आणि ती पुरातत्त्वज्ञाने वाचल्यावाचून कंत्राट देऊ नये. बोट समुद्रात जाणारच असते, खलाशांचा पगारही द्यावाच लागतो; वाढतो तो काही दिवसांचा खर्च. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे आलेख वाचण्याचे शिक्षण देता येईल. उपसून टाकलेल्या गाळातून मात्र जहाज पुन्हा जुळविता येत नाही.