नाट्यगृह कोणास म्हणावें?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं कोल्हापूरचें केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रानें हळहळ व्यक्त केली. खासबागच्या कुस्ती-मैदानास लागून शाहू महाराजांनीं १९१३ ते १९१५ या काळांत उभारलेली ती वास्तु. हळहळ योग्यच होती. परंतु त्या निमित्तानें आमच्या सुशिक्षितांची जी एक समजूत उघड झाली, तिचा प्रतिवाद करणें आम्हांस अवश्य वाटतें. नाटकाचें घर म्हणजे इमारत, व जेथें अशी इमारत नाहीं तेथें रंगभूमि नाहीं, ही ती समजूत होय.

या न्यायानें आमचा झाडीपट्टीचा मुलूख नाट्यहीन ठरेल! वस्तुस्थिति काय आहे? सावलीच्या उत्तरेस, वैनगंगेपलीकडे वडसा आहे. तेथील रस्त्यांवर नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या व त्यांच्या पाट्या दिसतात. गांवोगांवचीं मंडळें तेथें येऊन नाटक व तारीख ठरवितात, इसार देतात. दिवाळी सरली कीं धान निघालेल्या बांधींत मंच उभा राहतो. मंडईस वा शंकरपटास आलेले लेकीजांवई तिकिटें काढून पहांटेपर्यंत नाटक पाहतात.

आक्षेपक म्हणतात, हीं नाटकें भडक असतात. कांहीं असतीलहि. परंतु संगीत नाटकांच्या वैभवकाळीं एकेका पदास ‘वन्स मोअर’ घेऊन कथानक खोळंबत असे, त्यास आम्ही रसिकता म्हणतों. मग येथें निराळा कायदा कां? दंडार व खडी गंमत यांच्या परंपरेंतली ही कला मुख्यतः प्रेक्षकांच्या तिकिटावर जगते, ही तिची सर्वांत मोठी पावती आहे. २०२३ सालीं झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली. तरी शहरी समीक्षक वैनगंगेकडे फारसे फिरकत नाहींत.

कोल्हापुरासाठीं सरकारी तिजोरी उघडली, त्याचा आम्हांस आनंदच आहे. आमचें मागणें त्याहून पुष्कळ लहान आहे: रात्रभर बसणाऱ्या बायाबापड्यांसाठीं शौचालयें, रात्रीं-अपरात्रीं प्रवास करणाऱ्या नटांस अपघाताचा विमा, आणि हस्तलिखित संहितांचा एक संग्रह. भिंती पुन्हां बांधतां येतात. हरवलेली संहिता व रस्त्यावर गेलेला नट परत आणतां येत नाहीं, एवढें तरी सुजाण वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.