किती उरले आणि कसे उरले

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ‘सुपरमॅन’चा पहिला अंक लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरना गेला. १९३९ सालचा हा अंक उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली खोक्यात पडून होता. आई गेल्यावर घर आवरताना तो तिच्या तीन मुलांच्या हाती लागला. अंकांची अवस्था तपासून ग्रेड देणाऱ्या सीजीसी या संस्थेने त्याला ९.० ग्रेड दिली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे : “सेन्ससमध्ये या ग्रेडच्या मोजक्याच प्रती दिसतात, म्हणजे अंक दुर्मिळच ना? घेऊन ठेवू का?”

या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत : अंक किती उरले आणि कोणत्या अवस्थेत उरले. आधी ते सोडवून घेऊ.

सीजीसी २००० साली सुरू झाली. तिच्या पट्टीवर ०.५ पासून १० पर्यंत पंचवीस पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या सात पायऱ्या ९.० व त्यापुढच्या आहेत. तपासलेला प्रत्येक अंक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होतो, म्हणजे आपल्या भाषेत ‘स्लॅब’ होतो, आणि संस्थेच्या जाहीर मोजणीत त्याची भर पडते. ही मोजणी म्हणजेच सेन्सस. मात्र जनगणनेसारखं कोणी दारोदार जाऊन अंक मोजलेले नाहीत. सेन्सस ही दवाखान्याची नोंदवही आहे. तिच्यात जे दाखल झाले तेवढेच दिसतात, आणि जो दोनदा आला तो दोनदा दिसतो.

कोण दाखल होतं, हे फीवर ठरतं. ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक (जून १९३८), ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, फाटका, अर्धा, पानं गळालेला असला तरी मालक तो पाठवतो, कारण त्या अवस्थेतही फी कितीतरी पटींनी वसूल होते. म्हणून अशा अंकांच्या नोंदीत गर्दी खालच्या आणि मधल्या ग्रेडना दिसते. सत्तरच्या दशकातला साधा अंक मात्र ५.० च्या अवस्थेत कोणी पाठवत नाही, कारण फी अंकापेक्षा महाग पडते. त्याची गर्दी ९.० च्या वर दिसते. नव्वदीनंतरच्या अंकांची तर जवळपास सगळी जत्रा ९.८ वर भरलेली असते. तेव्हा ‘५.० ग्रेडच्या जगात फक्त चार प्रती’ असं एखादा विक्रेता सांगू लागला, तर त्या ग्रेडच्या चार हजार प्रती लोकांच्या कपाटांत असतील, असं समजूनच पुढे बोलावं.

दुसरी अडचण प्रेसिंगची. ओलावा, उष्णता आणि दाब देऊन रंग न तुटलेल्या सुरकुत्या काढता येतात आणि सीजीसी याला दुरुस्ती मानत नाही. साहजिकच ९.४ चा स्लॅब फोडायचा, अंक प्रेस करायचा आणि ९.६ च्या आशेने पुन्हा पाठवायचा, हा रीतसर धंदा झाला आहे. जुनं लेबल परत केलं नाही, तर नोंदवहीत एका अंकाचे दोन होतात. आणि २०२३ च्या अखेरीस डबीतला अंक बदलून खालच्या ग्रेडचा माल वरच्या ग्रेडच्या लेबलखाली खपवल्याची प्रकरणं उघडकीला आल्यापासून, लेबल वाचून झालं की अंक वाचायचा, हा नियमच करायला हवा.

आता दुर्मिळतेकडे येऊ. ‘अॅक्शन’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्याचं सांगतात. आज त्यांतल्या शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. दहा सेंटचा अंक वाचून टाकून द्यायचाच असे. पुढे युद्धकाळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत खोकीच्या खोकी गेली. त्यात न्यूजप्रिंट कागद आतूनच आम्लाने जळत असतो : पांढरा, मग मलईसारखा, मग तपकिरी, आणि शेवटी बोट लावताच तुकडा पडणारा. २०२२ मध्ये या अंकाची ६.० ची प्रत ३१ लाख ८० हजार डॉलरना गेली आणि २०२४ मध्ये ८.५ ची ६० लाखांना. इथे अंकही दुर्मिळ आहे आणि अवस्थाही.

‘अमेझिंग फॅन्टसी’ १५ (ऑगस्ट १९६२), म्हणजे स्पायडरमॅनचा जन्म, याची गोष्ट वेगळी. त्याच्या काही हजार प्रती स्लॅबबंद झाल्या आहेत, हवा तेव्हा विकत मिळतो. पण २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरना गेलेली प्रत ९.६ ची होती आणि त्या ग्रेडच्या नोंदी तेव्हा चारच होत्या. चारच का? त्या काळात मार्व्हलच्या अंकांची कटाई बोथट पात्यांवर होत असे आणि मुखपृष्ठाच्या उजव्या कडेचे बारीक कपचे उडत. अंक दुकानात पोचण्याआधीच जखमी झालेला असे. घरच्यांनी नंतर कितीही जपला तरी ती कड भरून येणार नव्हती.

अशी प्रत्येक अंकाची आपली जखम असते आणि आपल्या धंद्यातलं खरं ज्ञान तिथेच आहे. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ २८ चं मुखपृष्ठ काळं. त्यावर नखाचा ओरखडासुद्धा पांढरी रेघ होऊन उठतो. चौकोनी कण्याच्या जाड वार्षिक अंकांचा कणा उघडता उघडताच फुटतो. ‘इन्क्रेडिबल हल्क’ १८१ (नोव्हेंबर १९७४) वुल्वरिनमुळे महाग झाला. पण त्यात कापून वहीत चिकटवायचा एक छापील स्टॅम्प होता आणि पोरांनी तो इमानेइतबारे कापला. बाहेरून कोरा दिसणारा हा अंक पान उघडून पाहिल्याशिवाय घेणं म्हणजे बंद मुठीचा सौदा. उलट नव्वदीच्या सुरुवातीला ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती निघाल्या आणि लोकांनी त्या पहिल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये जपल्या. त्या अंकाला जखमच नाही, म्हणून भावही नाही.

नुसती दुर्मिळताही भाव ठरवत नाही. ‘मोशन पिक्चर फनीज वीकली’ (१९३९) या अंकाच्या ज्ञात प्रती ‘अॅक्शन’च्या पहिल्या अंकापेक्षा कितीतरी कमी आहेत. त्यात नेमॉर म्हणजे सब-मरिनर आहे, पण सुपरमॅन नाही. गिऱ्हाईक दहा असतील तर दहा प्रतीसुद्धा पुरेशा असतात.

हे सगळं आपल्या महाराष्ट्रात कशासाठी उगाळायचं? कारण आपल्याकडेही एक मोठा साठा अजून मोजलेला नाही. मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि वेताळ मराठी बोलू लागला. ली फॉकचा हा बुरखेधारी १९३६ चा, सुपरमॅनपेक्षा दोन वर्षांनी थोरला. १९९० मध्ये मालिका बंद पडली. त्या मराठी अंकांना आता चांगले पैसे येऊ लागले आहेत आणि त्याबरोबर ‘मिंट’, ‘८.०’ असे उसने शब्दही जाहिरातींत शिरले आहेत.

शब्द उसने घ्यायला हरकत नाही, पण त्यांच्यामागचा हिशोब इथे लागू पडतो का, ते तपासायला हवं. आपल्याकडचे पुष्कळ अंक वाचले ते बायंडरमुळे. वर्षभराचे अंक दोऱ्यात शिवून, तिन्ही बाजू कापून, पुठ्ठ्यात बांधून कपाटात ठेवले म्हणून रद्दीवाल्याच्या तराजूतून सुटले. अमेरिकेत कड कापणं ही फेरफार मानली जाते आणि असा अंक जांभळ्या लेबलाखाली, पडत्या भावात जातो. तोच नियम इथे आंधळेपणाने लावला, तर ज्या उपायाने अंक वाचले तोच त्यांचा दोष ठरेल आणि बांधीव खंड फोडून ‘सुटे’ अंक विकण्याची लाट येईल. खंड फोडताना कण्याजवळची पानं फाटतात, हे आपण पाहतोच आहोत. उलट ज्याला इथे कोणी दोष समजत नाही, ती सेलोटेप कागद कायमचा पिवळा करते. कोकणातल्या दमट हवेत गंजलेल्या पिना कागद खातात, त्याचाही उल्लेख जाहिरातींत नसतो.

म्हणून व्यावसायिकांना आणि संग्राहकांना आमची विनंती आहे की, मराठी इंद्रजालला आकड्यांत ग्रेड देण्याची घाई सध्या करू नये. आधी शब्दांत वर्णन लिहावं : अंक सुटा की बांधीव, कड कापलेली की मूळ, पानांचा रंग, पिनांची अवस्था, मुखपृष्ठ मूळचं की दुसऱ्या प्रतीचं, आत काही कापलं आहे का. पाचपन्नास संग्रहांची अशी वर्णनं जमली की कुठल्या अंकाची जखम कुठे आहे ते आपोआप दिसेल आणि पट्टी त्यातूनच तयार होईल. पुढच्या महिन्यापासून ही वर्णनं छापण्यासाठी आम्ही दोन पानं राखून ठेवत आहोत.

आणि बांधीव खंड हाती आला तर तो फोडू नका. पाठपुठ्ठ्याच्या आत बायंडरचा शिक्का असेल, तर तोही वर्णनात नोंदवा.