रुग्णालाही विचारा

तानसा तलावाचे पाणी 1892 पासून मुंबईची तहान भागवीत आले आहे. त्या तलावाच्या परिसरातील माणसाला कर्करोग जडला, की तो आसनगावला किंवा आटगावला गाडी धरून परळ गाठतो. मुरबाडकराला त्याआधी एस.टी.ने कल्याणपर्यंत यावे लागते. 1941 साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाने असंख्यांना जीवदान दिले आहे आणि रोग बरा होण्याची आशा असते तोवर हे हेलपाटे सार्थही आहेत. परंतु रोग हाताबाहेर गेल्यावर, केवळ वेदनाशामक गोळ्यांसाठी, उठवत नसलेल्या माणसाने गर्दीच्या लोकलमधून पाऊणशे किलोमीटर जावे काय?

आपल्याकडे खरे काय ते रुग्णाला नव्हे, त्याच्या मुलाला किंवा भावाला बाजूला घेऊन सांगितले जाते. घरची मंडळी ते लपवितात. हेतू मायेचाच असतो. पण ज्याचे दिवस मोजके उरले त्यालाच त्यांचा हिशेब ठाऊक नसावा, याला माया तरी कसे म्हणावे? आणखी एका इंजेक्शनापायी शेत गहाण पडते आणि शेताच्या मालकाला कोणी विचारलेलेही नसते. विचारले तर उपचार चालूच ठेवा, असे तो म्हणेलही. तो त्याचा अधिकार आहे. कदाचित जमिनीची वाटणी करून टाका, भावाशी तुटलेले बोलणे जुळवा, यंदाची भाताची लावणी ओटीवर पडून का होईना पाहू द्या, असे म्हणेल. रात्री झोप लागावी, एवढेच एखादा मागेल.

ही मागणी पुरविणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. बोस्टन येथे फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासूनच वेदनाशमनाची आणि मनाच्या आधाराची जोड मिळालेले रुग्ण अधिक सुखाने जगले. इतकेच नव्हे, तर अधिक काळ जगले. मुंबईत वांद्रे येथे 1986 साली शांती आवेदना आश्रम अशाच रुग्णांसाठी उभा राहिला. कालिकतला 1993 मध्ये सुरू झालेले काम तर पुढे स्वयंसेवकांनी केरळात घरोघरी नेले.

तीव्र वेदनेवर मॉर्फीनची गोळी स्वस्त आणि गुणकारी आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ती परवान्यांच्या जंजाळात अडकविली. व्यसनी माणसाला आवर घालण्याच्या खटाटोपात मरणासन्न माणूस भरडला गेला! 2014 च्या दुरुस्तीने वाट पुष्कळ सोपी केली; मान्यताप्राप्त रुग्णालयाला आता खात्याखात्याचे उंबरे झिजवावे लागू नयेत, अशी तरतूद झाली. कायद्याची सबब त्यामुळे उरलेली नाही.

आशा कार्यकर्ती आज पाड्यापाड्यावर जाते. जखम कशी स्वच्छ ठेवावी, अंथरुणाला खिळलेल्याची कूस कशी बदलावी, हे तिला शिकविणे अवघड नाही. शहापूर आणि मुरबाड येथील सरकारी रुग्णालयांत मॉर्फीनचा नियमित पुरवठा आणि ते देण्याचे शिक्षण घेतलेला एकेक डॉक्टर हवा. आठवड्यातून एकदा रुग्णाच्या दारी जाणारी परिचारिका हवी. ठाणे जिल्हा परिषदेने आणि राज्याच्या आरोग्य खात्याने एवढी तजवीज, पावसात पाड्यांच्या वाटा बंद होण्यापूर्वी, करावयास हवी.