ढिगाऱ्यांवर सुबाभूळ नको



खाणींचे मातीचे ढिगारे सुबाभळीने हिरवे करावेत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच मान्य नाही. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. एकदा रुजली की शेंगांतून चहूकडे पसरते आणि गवताला जागा उरू देत नाही.

आपल्याकडे कुसळी गवत मुरमावरही तग धरते. मारवेल गवताची मुळे माती घट्ट बांधून ठेवतात, शिवाय गुरांना चारा मिळतो. ताडोबाच्या जंगलातून नवेगाव हे गाव हलवल्यावर तिथल्या पडीत शेतांवर गवती कुरणेच वाढली, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले उदाहरण. गवताचे बी दिवाळीच्या सुमारास पिकते. ते तेव्हाच जमवून कोरडे ठेवावे, शेणमातीत कालवून मृगाच्या पावसाआधी पसरावे. पहिली दोन वर्षे मात्र चराई कडक बंद हवी; सगळे फसते ते इथेच.

घराच्या अंगणातही विकतच्या लॉनऐवजी तरवड, निरगुडी, शतावरी लावा. कोपऱ्यातली रुई उपटू नका, बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर जगतात. खाण प्रशासनाने यंदाच्या रोपवाटिकेत देशी गवताचे वाफे धरावेत, अशी माझी मागणी आहे.

— एक वाचक, राजूर (ता. वणी)