साठीची उकड

मैत्रिणींनो, परवा मला साठ वर्षं पूर्ण झाली. आदल्या रात्री सूनबाईने विचारलं, "आई, उद्या तुमच्या आवडीचं काय करू?" आणि खरं सांगते, मला उत्तरच देता येईना! यांना श्रीखंड, मुलाला गुलाबजाम, लेकीला पुरणपोळी, हे सगळं तोंडपाठ. माझं स्वतःचं म्हणून काही आठवेना. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी औक्षण करून घेताना एकदम आईच्या हातची उकड आठवली. "वाढदिवसाला उकड?" यांनी नाक मुरडलंच. म्हटलं, आज माझं राज्य!

वाटीभर तांदळाच्या पिठात दोन वाट्या आंबट ताक नि वाटीभर पाणी घालून गुठळ्या मोडून घ्या. चवीला मीठ, चिमूटभर साखर. कढईत तेल जरा सढळ हातानेच घ्या. मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीलिंब अशी खमंग फोडणी करून त्यात हे पीठ ओता. मंद आचेवर सारखं ढवळायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच! दाटून आलं की झाकण ठेवून दोन-तीन वाफा आणा. पीठ कच्चट लागता कामा नये. गरम उकडीवर कच्चं तेल घ्या. (तूप घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही.)

सूनबाईने कृती वहीत उतरवून घेतली, वर 'आईंच्या आवडीची' असं लिहिलं. नाक मुरडणाऱ्यांनी दोनदा मागून घेतली. कढईच्या तळाची खरवड मात्र मी कुणाला दिली नाही.