गेम म्हणजे टाइमपास?

“प्रोजेक्ट म्हणून गेम? काहीतरी सिरियस करा!” हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या ग्रुपला ऐकावं लागतं. मग सगळे निमूटपणे तोच आपोआप लागणारा दिवा नाहीतर काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी करतात. मला हे अजिबात पटत नाही.

गेम म्हटलं की आपल्याला फक्त स्क्रीन दिसते. पण हातातली वस्तू बदलली की खेळच बदलतो! निन्टेन्डोने २००३ मध्ये ‘डाँकी कोंगा’ काढला, त्याला कंट्रोलर म्हणून चक्क बोंगो होते. ते बडवायचे, मध्येच टाळी द्यायची, आणि टाळी ओळखायला आत माइक. २०१२ मध्ये जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम या एमआयटीवाल्यांनी ‘मेकी मेकी’ बोर्ड आणला. त्याला केळी जोडून पियानो वाजवता येतो. कॉम्प्युटरला बिचाऱ्याला वाटतं, कीबोर्डच लावलाय!

मग आपली लगोरी का नको? नाहीतरी सांगवीच्या गल्ल्यांत दोन्हीकडे गाड्या उभ्या, पोरांनी रचायची कुठे?

सात लाकडी चकत्या घ्या. प्रत्येकीच्या वर आणि खाली तांब्याच्या टेपची दोन वर्तुळं, एक आत, एक बाहेर. वरची-खालची एकमेकांना जोडायची, आणि आतल्या-बाहेरच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. चकत्या रचत गेलं की रेझिस्टर पॅरलल होतात. एकीला १०, दोघींना ५, सातही रचल्या तर साधारण १.४ किलोओहम. खालच्या पाटाला फक्त दोन वायरी, आणि आर्डुइनोला कळतं किती रचल्या. चकती उलटी पडली तरी चालतं! चेंडू स्क्रीनवर, धांदल मात्र खरीखुरी.

गंमत पुढेच आहे. सहा आणि सात यांतला फरक अगदी थोडा. टेप जराशी मळली, चकती कलली, की आकडा नाचायला लागतो. तो स्थिर करताना भल्याभल्यांना घाम फुटेल. हे इन्स्ट्रुमेंटेशन नाही तर काय आहे?

अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून १९७५ मध्ये इंजिनीअर होऊन पुण्याच्या टेल्कोत आले, आणि पुढे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून विज्ञानाची खेळणी करत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याला कोणी टाइमपास म्हटलं नाही!

पार्ट्स पासोड्या विठोबाजवळ मिळतात. कॉलेजने यंदा प्रोजेक्टच्या यादीत एक ओळ वाढवावी आणि गॅदरिंगला एक टेबल द्यावं. सरांनाही खेळू देऊ की!